नांव सांगणारा हेर : ‘डॉक्टर नो’चें पुनर्दर्शन

हेर म्हटला कीं ज्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं असा मनुष्य, ही समजूत फार जुनी आहे. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकांत चाणक्याचा निपुणक नांवाचा हेर हातांत यमपट घेऊन घरोघर हिंडतो आणि अमात्य राक्षसाची मुद्रा घेऊन परत येतो. तो कोण हें ज्या घरांत तो शिरला त्या घरासहि कळत नाहीं. शिवकालांतील बहिर्जी नाईकांची कीर्ति सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु त्यांच्या चरित्राचा तपशील पाहूं जातां हातीं फार थोडें लागतें, आणि एका अर्थीं हीच त्यांच्या कर्तबगारीची साक्ष होय. अशा परंपरेंत वाढलेल्या प्रेक्षकानें १९६२ सालीं निघालेला ‘डॉक्टर नो’ हा इंग्रजी चित्रपट पाहिला, तर त्यास पहिलें आश्चर्य वाटावें तें याचें कीं, येथील हेर पडद्यावर आल्याबरोबर आपलें नांव सांगतो, आणि तें खरें नांव असतें. जेम्स बाँड या गुप्तहेराच्या चित्रपटमालिकेंतील हा पहिला चित्रपट. त्यानंतर साठांहून अधिक वर्षें लोटलीं आहेत. एवढ्या अवधीनंतर तो पुन्हां पाहतांना त्यांत टिकाऊ काय आहे आणि मनास टोंचणारें काय आहे, हें निवडून पाहण्यासारखें आहे.

तो नांव सांगण्याचा प्रसंग असा. लंडनमधील एका श्रीमंत क्लबांत रात्रीच्या वेळीं पत्त्यांचा जुगार चालला आहे. कॅमेरा खेळणारांच्या मागून हळूहळू फिरतो. एका पुरुषाचे हात दिसतात, पाठ दिसते. परंतु चेहरा दिसत नाहीं. समोर बसलेली एक तरुण स्त्री हरत चालली आहे. तो तिच्या धैर्याचें कौतुक करून नांव विचारतो. ती आधीं आडनांव सांगते, मग पुरें नांव : सिल्व्हिया ट्रेंच. नंतर ती त्याच्या दैवाचें कौतुक करून उलट तोच प्रश्न करते. तो ओठांत सिगारेट धरून ती शिलगावतो, आडनांव उच्चारतो, किंचित् थांबतो आणि मग पुरें नांव सांगतो : जेम्स बाँड. तेथें प्रेक्षकास त्याचें मुख प्रथम दिसतें आणि पार्श्वसंगीत सुरू होतें. ५ ऑक्टोबर १९६२ रोजीं लंडनच्या ‘पॅव्हिलियन’ चित्रगृहांत ज्यांनीं हा प्रसंग पाहिला, त्यांना हेंच वाक्य याच ढंगानें पुढें कित्येक पिढ्या ऐकणार आहेत अशी कल्पना असण्याचें कारण नव्हतें. गंमत अशी कीं, आज जी तऱ्हा जगभर बाँडची म्हणून ओळखली जाते ती मूळची त्याची नव्हेच. ती त्या बाईची आहे. त्यानें केवळ तिला तिच्याच पद्धतीनें उत्तर दिलें. परंतु नांव त्याचें राहिलें, तिचें कोणास आठवत नाहीं. या चित्रपटाच्या इतिहासांत हें असें पुष्कळ वेळां घडलेलें आढळतें.

प्रथम हें नांव आलें कोठून तें पाहूं. इयन फ्लेमिंग हा दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता खात्यांत अधिकारी होता. युद्धानंतर त्यानें वेस्ट इंडीजमधील जमेका बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर एक घर बांधलें, त्यास ‘गोल्डनआय’ असें नांव दिलें, आणि दर हिंवाळ्यांत तेथें जाऊन एक कादंबरी लिहावयाची असा क्रम ठेवला. या मालेंतील पहिली कादंबरी १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. ‘डॉक्टर नो’ ही १९५८ सालची, सहावी. नायकासाठीं त्यास अगदीं साधें, रुक्ष, ऐकून विसरून जावें असें नांव हवें होतें. वेस्ट इंडीजमधील पक्ष्यांवरील एक ग्रंथ त्याच्या संग्रहीं होता. त्याच्या अमेरिकन ग्रंथकर्त्याचें नांव जेम्स बाँड. तेंच फ्लेमिंगनें उचललें. एका शांत, अभ्यासू पक्षिशास्त्रज्ञाचें नांव याप्रमाणें पिस्तूल बाळगणाऱ्या मनुष्यास मिळालें. त्या पिस्तुलाचीहि अशीच कथा आहे. कादंबरींतील बाँड बेरेटा जातीचें पिस्तूल वापरीत असे. तें अशा मनुष्याच्या हातीं शोभत नाहीं असें ग्लासगो येथील जेफ्री बूथरॉइड नांवाच्या शस्त्रांच्या जाणकारानें फ्लेमिंगला पत्र लिहून कळविलें. फ्लेमिंगनें सल्ला मानला, बाँडच्या हातीं वॉल्थर पिस्तूल दिलें, आणि तें पुरविणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव मेजर बूथरॉइड असें ठेवून पत्रलेखकाचें ऋण फेडलें. हा बदल चित्रपटांत एका लहानशा प्रसंगांत दाखविलेला आहे.

चित्रपट काढण्याचें साहस केलें तें हॅरी साल्ट्झमन आणि आल्बर्ट ब्रॉकोली या दोघा निर्मात्यांनीं. त्यांचा पहिला विचार ‘थंडरबॉल’ या कथेचा होता. परंतु तिच्या मालकीविषयीं कज्जा उपस्थित झाला, म्हणून ‘डॉक्टर नो’ पुढें आली. युनायटेड आर्टिस्ट्स या अमेरिकन कंपनीनें सुमारे दहा लक्ष डॉलर दिले. चित्रपटसृष्टीच्या मानानें ही रक्कम बेताचीच होती, आणि तेवढ्या पैशांत नामांकित नट मिळणें कठीण होतें. शॉन कॉनरी या नटाची निवड झाली तेव्हां तो तिशी ओलांडून एकच वर्ष झालें होतें. त्याचा जन्म एडिंबरो येथील एका कष्टकरी घरांत झाला. बाप मालमोटार चालवी, आई घरकामें करी. मुलानें दूध घातलें, आरमारांत नोकरी केली, शवपेट्यांना रोगण लावलें, व्यायाम करून शरीर कमावलें आणि मग तो रंगभूमीवर आला. उमरावी वळणाच्या आपल्या नायकाची भूमिका या मनुष्यानें करावी हें फ्लेमिंगला प्रथम रुचलें नाहीं. परंतु चित्रपट पाहिल्यावर त्याचें मत पालटलें, इतकें कीं, १९६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या कादंबरींत त्यानें बाँडचा बाप स्कॉटिश होता असें लिहून टाकलें. नटानें पात्रास वंश द्यावा, असा हा विरळा योग.

अर्थात् दूधवाल्याचा साहेब एका दिवसांत झाला नाहीं. दिग्दर्शक टेरेन्स यंग हा स्वतः युद्धांत सैन्याधिकारी होता. कपडा, खाणें, पिणें, चालणें, बोलणें या बाबतींत मोठा चोखंदळ. त्यानें कॉनरीस आपल्या शिंप्याकडे नेलें. त्या शिंप्याचें नांव अँथनी सिंक्लेअर. नवा सूट अंगवळणीं पडावा म्हणून कॉनरीस तो घालूनच निजावयास लावलें, असें सांगतात. गोष्ट खरी असो वा सांगोवांगीची असो, तिचा परिणाम पडद्यावर दिसतो. कॉनरीच्या चालण्यांत मांजराची सावध सहजता आहे, आणि उंची वस्त्रें त्याच्या अंगावर ओझ्यासारखीं दिसत नाहींत. शिक्षणानें आणि मेहनतीनें मनुष्याचें वळण किती पालटूं शकतें, याचा हा चित्रपट एक दाखला आहे.

कथानक थोडक्यांत असें. जमेकांतील ब्रिटिश हेरखात्याचा प्रमुख स्ट्रँगवेज याचा, आंधळ्या भिकाऱ्यांचें सोंग घेतलेले तिघे मारेकरी खून करतात. त्याच्या सेक्रेटरीचाहि खून होतो. तपासासाठीं बाँडला पाठविण्यांत येतें. अमेरिकेच्या केप कॅनाव्हरल येथून उडणारे अग्निबाण कोणीतरी वाटेंत भरकटवीत आहे असा संशय असतो. स्ट्रँगवेजनें क्रॅब की नांवाच्या एका खाजगी बेटावरून दगडांचे नमुने आणले होते. ते किरणोत्सर्गी होते असें गायगर यंत्राच्या साहाय्यानें बाँड ताडतो. क्वारल नांवाच्या कोळ्याच्या होडींतून तो रात्रीं त्या बेटावर उतरतो. तेथें शिंपले वेंचण्यास आलेली हनी रायडर नांवाची मुलगी त्यास भेटते. ज्यास बेटावरील लोक ज्वाळा ओकणारा ड्रॅगन समजतात, ती वस्तुतः आग फेंकणारी एक चिलखती गाडी असते. बेटाचा मालक डॉक्टर नो हा जर्मन बाप व चिनी आई यांचा मुलगा, लोखंडी हातांचा एक शास्त्रज्ञ आहे. तो स्वतःच्या अणुभट्टीच्या जोरावर अमेरिकेचे अग्निबाण पाडीत असतो. शेवटीं बाँड ती भट्टी निकामी करतो व डॉक्टर नो तिच्या उकळत्या पाण्यांत बुडून मरतो. मूळ कादंबरींत तो पक्ष्यांच्या विष्ठेच्या ढिगाखालीं गाडला जातो. तिचाच व्यापार त्या बेटावर चालत असे. कादंबरींतील डॉक्टर नो रशियाच्या वतीनें काम करतो. चित्रपटांत मात्र कोणत्याहि राष्ट्राचें नांव न घेतां ‘स्पेक्टर’ नांवाच्या एका काल्पनिक टोळीवर सर्व दोष ठेवला आहे. जगांतील दोन बड्या सत्ता एकमेकींवर डोळे वटारून बसल्या असतां निर्मात्यांनीं दाखविलेलें हें शहाणपणच म्हटलें पाहिजे.

या मालिकेंतील पुढील चित्रपट ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना पहिल्याच चित्रपटांतील साधेपणा विशेष जाणवेल. येथें बाँडजवळ जादूची मोटार नाहीं, विष ओकणारी छत्री नाहीं, मनगटी घड्याळांत दडविलेलें शस्त्र नाहीं. एक पिस्तूल आणि एक किरणोत्सर्ग मोजण्याचें यंत्र, एवढीच त्याची सामग्री. किंग्स्टन येथील हॉटेलच्या खोलींत शिरल्यावर तो काय करतो? डोक्याचा एक केस ओला करून कपाटाच्या दाराच्या फटीवर आडवा चिकटवितो आणि बॅगेच्या कुलुपावर पावडर भुरभुरवितो. परत आल्यावर केस जागेवर नाहीं, पावडरींत बोटांचे ठसे उमटलेले आहेत, म्हणून तो उघडलेली मद्याची बाटली बाजूस सारतो आणि नवी काढतो. या सर्व प्रसंगांत एक शब्दहि उच्चारलेला नाहीं. बुद्धि, निरीक्षण आणि सावधगिरी हींच हेराचीं खरीं शस्त्रें होत, हें येथें प्रेक्षकास न सांगतां समजतें. पुढें पैसा वाढला, यंत्रें वाढलीं आणि ही शांतता हरवली. ‘डॉक्टर नो’ पुन्हां पाहण्यांत जो निर्मळ आनंद आहे तो मुख्यतः या पूर्वार्धांत आहे.

पैशाची चणचण कल्पकतेनें कशी झांकावी, हें या चित्रपटाच्या नेपथ्यावरून शिकावें. नेपथ्यकार केन अॅडम याचा जन्म १९२१ सालीं बर्लिनमधील एका ज्यू कुटुंबांत झाला. हिटलरच्या राज्यांतून तें कुटुंब इंग्लंडांत पळून आलें, आणि महायुद्धांत हा तरुण ब्रिटिश विमानदलांत वैमानिक होऊन जर्मनीविरुद्ध लढला. लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओंत त्यानें डॉक्टर नोचें समुद्राखालील निवासस्थान उभें केलें. प्रोफेसर डेंट नांवाच्या हस्तकास जेथें धमकी मिळते ती खोली तर जवळजवळ रिकामीच आहे : एक खुर्ची, एक मेज, वर छताला मोठें गोल जाळीदार भोंक, आणि भिंतीवर पडलेली त्या जाळीची सावली. धमकी देणारा दिसत नाहीं, केवळ त्याचा आवाज येतो. आणि त्या रिकामेपणाचीच भीति वाटते. दिवाणखान्यांत काचेपलीकडे समुद्रांतील मासे दाखवावयाचे होते. परंतु मिळालेल्या तयार चित्रफितींत मासे भलतेच मोठे दिसूं लागले. तेव्हां ती काच वस्तूंचा आकार मोठा करून दाखविणारी आहे, असा संवाद लिहून अडचण निभावून नेली. त्या संवादांतच बाँड यजमानास त्याच्या मोठेपणाच्या सोंगाविषयीं टोमणा मारून घेतो. अडचणींतून निघालेलें हें वाक्य कथेंतील उत्तम वाक्यांपैकीं एक ठरलें.

त्याच दिवाणखान्याच्या पायऱ्यांवर बाँड एका चित्रापुढें क्षणभर थबकतो. तें गोया या स्पॅनिश चित्रकारानें काढलेलें ड्यूक ऑफ वेलिंग्टनचें चित्र होय. १९६१ च्या ऑगस्टमध्यें तें लंडनच्या नॅशनल गॅलरींतून चोरीस गेलें होतें आणि त्याचा पत्ता लागत नव्हता. तें डॉक्टर नोनेंच पळविलें असावें, अशी ही मौज. १९६२ सालच्या प्रेक्षकांत येथें हशा पिकत असे. आज संदर्भ ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ प्रेक्षक तो क्षण न हंसतांच पुढें जातात. सत्य मात्र कल्पनेपेक्षां गमतीचें निघालें. १९६५ सालीं चित्र परत मिळालें आणि खटला झाला तो एका निवृत्त बस-चालकावर. म्हाताऱ्या माणसांस दूरचित्रवाणीचा परवाना फुकट मिळावा, अशी त्याची मागणी होती. त्यास शिक्षा झाली ती केवळ चौकटीच्या चोरीबद्दल, कारण चौकट परत मिळाली नाहीं. लोखंडी हातांचा जगज्जेता शोधावयास निघावें आणि सांपडावा एक पेन्शनर, असा प्रकार झाला.

चित्रपटाच्या काळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. १९६२ च्या जानेवारींत चित्रीकरण सुरू झालें तेव्हां जमेका ही ब्रिटिश वसाहत होती; ६ ऑगस्ट १९६२ रोजीं ती स्वतंत्र झाली; आणि ऑक्टोबरांत चित्रपट प्रदर्शित झाला. म्हणजे पडद्यावर दिसणारें गव्हर्नरसाहेबांचें राज्य, त्यांची कचेरी, त्यांचे क्लब, हें सर्व लंडनच्या प्रेक्षकांनीं पाहिलें तेव्हां इतिहासजमा झालें होतें. चित्रीकरणाच्या त्याच हिंवाळ्यांत, २० फेब्रुवारी १९६२ रोजीं, जॉन ग्लेन हा अमेरिकन अंतराळवीर केप कॅनाव्हरल येथून उड्डाण करून पृथ्वीभोंवतीं फिरून आला. आणि चित्रपट लागल्यावर तीन आठवडे होण्यापूर्वींच, २२ ऑक्टोबर रोजीं, जमेकाच्या शेजारच्या क्यूबा बेटावर रशियानें क्षेपणास्त्रें आणल्याचें अध्यक्ष केनेडी यांनीं जाहीर केलें, व कांहीं दिवस सर्व जगानें श्वास रोखून धरला. कॅरिबियन समुद्रांतील एका बेटावरून अमेरिकेस धोका, ही कादंबरीकाराची कल्पना अशा रीतीनें वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आली.

आतां संगीताकडे वळूं. कारण येथें या परदेशी कथेचा हिंदुस्थानाशीं एक अनपेक्षित धागा आहे. बाँडच्या प्रत्येक चित्रपटांत ऐकूं येणारी ती प्रसिद्ध धून मॉन्टी नॉर्मन या संगीतकाराची. व्ही. एस. नायपॉल यांची ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ ही कादंबरी १९६१ सालीं प्रसिद्ध झाली. त्रिनिदाद बेटावर मजुरीसाठीं गेलेल्या हिंदी लोकांच्या वंशजांची ती कथा आहे. तिच्यावर संगीत नाटक करावें असा बेत होता व नॉर्मननें त्यासाठीं गाणीं रचलीं होतीं. नाटक मात्र रंगभूमीवर आलें नाहीं. कादंबरीचा नायक मोहन बिस्वास हा सहा बोटें घेऊन जन्मतो, आणि याची शिंक अपशकुनी ठरेल असें भाकित पंडित करतो. आपल्याकडे शिंक आडवी आली कीं निघालेला मनुष्य क्षणभर उंबऱ्याच्या आंत थांबतो, तोच हा समज सातासमुद्रांपार गेलेला. त्या अभागी शिंकेविषयींचें, सतारीच्या वळणाचें एक गाणें नॉर्मनच्या पेटींत पडून होतें. ‘डॉक्टर नो’साठीं धून हवी झाली तेव्हां त्यानें तेंच सूर काढले, त्यांचे तुकडे पाडून लय बदलली. जॉन बॅरी यानें वाद्यवृंदासाठीं त्याची मांडणी केली आणि व्हिक फ्लिक यानें विजेच्या गिटारवर ती वाजविली. पुढें ही धून बॅरीचीच आहे असें पुष्कळ लोक म्हणूं लागले. तसें छापणाऱ्या लंडनच्या एका वृत्तपत्रावर नॉर्मननें अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि २००१ सालीं न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल देऊन तीस हजार पौंड भरपाई देवविली. गोऱ्या साहेबाच्या ऐटींत चालण्याचें जें संगीत म्हणून जग ओळखतें, तें मूळचें एका गरीब हिंदी घरांतील अपशकुनी मुलाचें रडगाणें होतें, हें ऐकून पुढच्या वेळीं ती धून थोडी निराळी वाटल्यावांचून राहणार नाहीं.

येथपर्यंत कौतुकाचा भाग झाला. परंतु चित्रपटांत एक प्रसंग असा आहे कीं तो पाहून विचारी मनुष्य अस्वस्थ व्हावा, आणि तो अस्वस्थ होत नसेल तर अधिकच विचार करावा. बाँड एका बंगल्यांत अंधारांत दाराआड बसला आहे. बिछान्यांत उशा रचून त्यानें कोणी निजलें असल्याचा भास निर्माण केला आहे. प्रोफेसर डेंट हळूच येतो आणि त्या बिछान्यावर सहा गोळ्या झाडतो. बाँड दिवा लावतो व त्याच्याशीं शांतपणें बोलतो. बोलतां बोलतां डेंट खालीं पडलेलें आपलें पिस्तूल सतरंजीसकट पायानें ओढून घेतो आणि चाप ओढतो. परंतु गोळ्या संपलेल्या असतात. बाँडनें त्या मोजलेल्या आहेत. समोरचा मनुष्य आतां निःशस्त्र आहे. त्यास पकडतां येईल, त्याच्याकडून माहिती काढतां येईल. बाँड त्याला गोळी घालतो, आणि तो पडल्यावर आणखी एक घालतो.

त्यापूर्वींच्या चित्रपटांतील नायक बहुधा प्रतिपक्ष्याने शस्त्र उचलल्यावरच वार करीत. येथें तसें नाहीं. बाँडच्या क्रमांकांतील दोन शून्यांचा अर्थ आपल्या विवेकाप्रमाणें मनुष्यास ठार मारण्याची सरकारी मुभा, असा आहे. तो अर्थ कागदावर वाचतांना मौजेचा वाटतो; या दृश्यांत त्याचें खरें रूप दिसतें. सरकारनें कोणाहि माणसाच्या हातीं असा परवाना द्यावा काय, आणि दिल्यास त्या माणसाचें पुढें काय होतें, हा प्रश्न चित्रपट विचारीत नाहीं. परंतु तो झांकूनहि ठेवीत नाहीं. कॉनरीच्या मुद्रेवर या वेळीं ना क्रोध दिसतो, ना खेद. पुढील कित्येक चित्रपटांत विनोदाच्या आणि स्फोटांच्या धुरळ्यांत ही गोष्ट प्रेक्षकाच्या नजरेआड गेली. पहिल्या चित्रपटांत ती उघडी आहे, आणि या दृष्टीनें तो त्याच्या पुष्कळ वंशजांपेक्षां अधिक प्रामाणिक आहे. घरांतील तरुण मंडळींबरोबर तो पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं याच दृश्यानंतर थोडें बोलावें. त्यासारखी संधि पुन्हां सहसा येत नाहीं.

दुसरी टोंचणी क्वारलची. हा केमन बेटांकडील कोळी. समुद्र, वारा, किनारा यांचें सर्व ज्ञान त्याच्यापाशीं आहे. त्याच्यावांचून बाँड क्रॅब कीवर पोंचलाच नसता. त्यास ड्रॅगनचें भय वाटतें, तरी तो दिलेला शब्द मोडीत नाहीं. बेटावर पहारेकरी येत असतां बाँड त्यास आपले बूट घेऊन येण्यास फर्मावतो. मित्रास सांगावें तसें नव्हे, गड्यास सांगावें तसें. थोड्याच वेळानें त्या आग फेंकणाऱ्या गाडीच्या ज्वाळांत क्वारल जळून मरतो. पुढें डॉक्टर नोच्या जेवणाच्या मेजावर बाँड त्याचें नांव घेतो आणि त्याचा सूड घेण्याची भाषा करतो, हें खरें. परंतु चित्रपटाचा शेवट होडींतील प्रणयक्रीडेनें होतो, आणि त्या होडीवाल्याची आठवण तेथें कोणास होत नाहीं. ही भूमिका करणारा जॉन किट्झमिलर हा नट साधासुधा नव्हता. तो अमेरिकन निग्रो सैनिक युद्धाच्या निमित्तानें इटलींत आला आणि तेथेंच राहून नट झाला. १९५७ सालीं एका युगोस्लाव्ह चित्रपटांतील कामाबद्दल कान येथील महोत्सवांत त्यास सर्वोत्कृष्ट नटाचें पारितोषिक मिळालें. तें मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय नट. अशा मनुष्याच्या वांट्यास जमेकांत बूट उचलण्याचें काम आलें. तीच गोष्ट चिनी पात्रांची. डॉक्टर नोची भूमिका जोसेफ वाइझमन या कॅनडांत जन्मलेल्या गोऱ्या नटानें, आणि मिस टारो या चिनी मुलीची भूमिका झीना मार्शल या ब्रिटिश नटीनें, डोळ्यांची ठेवण रंगानें बदलून केली आहे. वाइझमनचा थंड, मोजका अभिनय उत्तम आहे. परंतु दुष्ट मनुष्य अर्धा चिनी असला म्हणजे अधिक दुष्ट वाटतो, ही समजूत त्या काळच्या विलायती कादंबऱ्यांत रुजलेली होती आणि चित्रपटानें ती जशीच्या तशी उचलली. हें ओळखून घ्यावें. त्यावर पांघरूण घालण्याचें कारण नाहीं.

आणि नांवांचा विचार करतां करतां ज्यांचीं नांवें चित्रपटानें सांगितलींच नाहींत त्यांच्यापाशीं येऊन थांबावें लागतें. समुद्रांतून शिंपले घेऊन बाहेर येणाऱ्या हनीचें तें दृश्य जगप्रसिद्ध आहे, आणि त्याबरोबर अर्सुला अँड्रेस या स्विस नटीचें नांवहि. परंतु तिचा उच्चार परका वाटला म्हणून तिचे संवाद निकी व्हॅन डर झिल या बाईच्या आवाजांत भरले आहेत. क्लबांत बाँडला नांव सांगणाऱ्या सिल्व्हिया ट्रेंचचें काम युनिस गेसन हिनें केलें. तेथेंहि आवाज निकीचाच आहे. म्हणजे त्या प्रसिद्ध तऱ्हेनें प्रथम नांव सांगणारी जी स्त्री ऐकूं येते, तिचें स्वतःचें नांव श्रेयनामावलींत नाहीं. चित्रपटाच्या आरंभीं बंदुकीच्या नळींतून दिसणारी जी आकृति वळून गोळी झाडते, ती या चित्रपटांत कॉनरीची नव्हे. साहसाचीं कामें करणाऱ्या बॉब सिमन्स या गड्याची आहे. हीं माणसें निपुणकाच्या कुळांतील म्हणावयाचीं. काम चोख केलें आणि निघून गेलीं.

पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. २०२१ पर्यंत या मालिकेंत पंचवीस चित्रपट निघाले आणि सहा नटांनीं बाँडची भूमिका केली. फ्लेमिंग १९६४ सालींच वारला; कॉनरी ३१ ऑक्टोबर २०२० रोजीं, नव्वदाव्या वर्षीं गेला; संगीतकार नॉर्मन २०२२ सालीं गेला. ब्रॉकोली घराण्यानें साठ वर्षें राखलेलें कलाविषयक नियंत्रण २०२५ सालीं अॅमेझॉन कंपनीकडे गेलें. मालक बदलतील, नट बदलतील. तें वाक्य मात्र कोणी बदलणार नाहीं.

‘डॉक्टर नो’ हा निर्दोष चित्रपट नव्हे. त्याच्या उत्तरार्धांत कथा घाईनें आटोपते, वंशाविषयींच्या त्याच्या कल्पना आज मान्य होण्यासारख्या नाहींत, आणि त्याच्या नायकाचें आचरण अनुकरणीय तर मुळींच नाहीं. तथापि थोड्या पैशांत, थोड्या साधनांत, निरनिराळ्या देशांतून आलेल्या होतकरू माणसांनीं किती नेटकें काम केलें आहे, हें पाहण्यासाठीं तो अवश्य पाहावा. एवढेंच करावें कीं, होडी दूर जाऊन पडदा काळा झाला म्हणजे लगेच उठूं नये. ज्यानें आपलें नांव सांगितलें त्यास सर्व जग ओळखतें. क्वारलचें नांव त्या वेळीं घरांतील कोणीतरी मोठ्यानें घ्यावें.